बाहत्तर किलोची स्प्रिंग

“आणि रायडरचं वजन किती, सर?” फोनवरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, आणि मास्टरांच्या हातातली बशी पुसता पुसता थांबली.

प्रश्न काही अवघड नव्हता. पण मास्टर भांडी पुसत होते, हात ओले होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर ठेवलेला होता. आणि टेबलाच्या पलीकडे त्यांची बायको आठवीचे गणिताचे पेपर तपासत बसली होती. तिचं लाल पेन कागदावरून उचललं गेलं. बाईंनी मान वर केली नाही, पण कान नक्की टवकारले.

“बाहत्तर,” मास्टर म्हणाले.

“हेल्मेट, बूट, जॅकेट, सगळं धरून ना, सर?”

“सगळं धरून.”

लाल पेन पुन्हा चालू लागलं. मास्टरांनी बशी इतक्या जोरात पुसली की तिच्यावरचं फूलच निघायचं बाकी राहिलं.

या घरात शाळेत शिकवायच्या त्या बाई, पण मास्टर म्हणायचे ते नवऱ्याला, कारण नवरा शिंपी होता. मास्टरांचं खरं वजन बाहत्तरच्या बरंच पुढे गेलेलं होतं. मागच्या वर्षी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं तेव्हापासून ते रोज सकाळी बागेत फिरायला जात. फिरणं दुसऱ्या बाकापर्यंत होई, आणि मग तिथे बसून जगाची चर्चा होई. पण बायको रोज विचारणार, आणि तिला नाराज करणं मास्टरांच्या जिवावर येई. म्हणून दर थोड्या दिवसांनी ते घरी येऊन “आणखी एक उतरलं गं” असं जाहीर करत. असं करत करत, एक थेंब घाम न गाळता, ते बाहत्तरवर येऊन पोचले होते. बाईंनी ही गोष्ट सगळ्या शिक्षकखोलीत कौतुकाने सांगितली होती, त्यामुळे आता मागे फिरायला वाट नव्हती.

पण फोनवर खोटं सांगताना मास्टरांना फारशी काळजी वाटली नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या धंद्यात होतं. दुकानात चाळीस कंबरेचा गिऱ्हाईक आला की मास्टर टेप लावत आणि मोठ्याने म्हणत, “अडतीस!” गिऱ्हाईक खूश होई. मास्टर कापड मात्र चाळीसला कापत आणि वर शिवणीत बोटभर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडत. इतक्या वर्षांत कुणाची पँट उसवली नव्हती आणि कुणाचं मन दुखलं नव्हतं. मापाचा धंदा करणारा प्रत्येक सभ्य माणूस हेच करतो, अशी त्यांची समजूत होती. आपण बाहत्तर सांगितलं म्हणजे समोरचा नव्वद धरूनच स्प्रिंग बनवणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

स्प्रिंग लागणार होती ती त्यांच्या चारचाकीला. चारचाकी म्हणजे मोटार नव्हे. मोटारसायकलसारखं हॅन्डल, चार फुगीर चाकं, एकाच माणसाची सीट, आणि धुळीच्या रस्त्यांवर उड्या मारत पळण्यासाठीच बनवलेली ती लाल गाडी होती. मास्टरांनी ती तरुणपणी जुनीच घेतली होती आणि दर रविवारी गावाबाहेरच्या बंद खाणीच्या मैदानावर ते ती पिटाळत. आठवडाभर मशीनवर वाकून बसणाऱ्या माणसाला रविवारी वाऱ्यावर सोडणारी ती एकच गोष्ट होती. पण आता गाडीचे शॉकअप मेले होते. त्यांतून तेल गळायचं, आणि प्रत्येक खड्डा थेट मास्टरांच्या मणक्यात येऊन बसायचा. गेल्या महिन्यात ते कंबर धरून घरी आले आणि नंतर कित्येक दिवस बाईंना त्यांच्या पायात मोजे घालून द्यावे लागले.

त्या मोज्यांच्या दिवसांत बाईंनी निकाल सांगून टाकला होता. “अहो, पुन्हा एकदा कंबर धरून आलात ना, की गाडी विकायची. मी बोलून ठेवलंय.”

बोलून ठेवलं होतं ते धाकट्या भावाशी. मेहुण्याचा त्या गाडीवर कितीतरी वर्षांपासून डोळा होता. हल्ली तो घरी आला की आधी गाडीपाशी जाऊन तिच्या सीटवर हात फिरवायचा आणि मग आत येऊन बहिणीला नमस्कार करायचा. त्याने आपल्या घराशेजारची जागासुद्धा झाडून ठेवली होती.

म्हणून मास्टरांनी शेवटचा उपाय केला. एक कंपनी माणसाच्या वजनानुसार नवे शॉकअप बनवून देते, असं गॅरेजवाल्या मिस्त्रीने सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. मापाने बनवलेली वस्तू! जगात आपल्यासारखं कुणीतरी आहे, असं त्यांना वाटलं.

खोकं आलं, आणि मास्टरांनी ते तडक मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्री हा मास्टरांचा जुना दोस्त होता. कामाला वाघ, पण कुठलीही वस्तू आधी बसवायची आणि सोबतचा कागद उरलाच तर नंतर वाचायचा, अशी त्याची पद्धत होती. त्याने संध्याकाळपर्यंत दोन शॉकअप पुढे आणि एक मागे ठाकठीक बसवले. पिवळ्याधमक स्प्रिंगा बघून दोघं थोडा वेळ नुसते उभे राहिले.

“बसा, मास्टर,” मिस्त्री म्हणाला.

मास्टर बसले. गाडी दबली, आणि दबतच राहिली.

“मास्टर, उतरा जरा.” मास्टर उतरले, गाडी वर आली. “आता बसा.” मास्टर बसले, गाडी पुन्हा खाली गेली. मिस्त्रीने डोकं खाजवलं. “गाडीचं पोट जमिनीला टेकायला आलंय हो. असं कसं? वजन सांगताना बरोबर सांगितलं होतं ना?”

“म्हणजे काय!” मास्टर म्हणाले. अशा वेळी माणूस मोठ्या आवाजात बोलतो, तसे बोलले.

मिस्त्रीला वाद घालायची सवय नव्हती. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला एक रिंग होती. ती आवळली की गाडी उचलली जाते, एवढं त्याला ठाऊक होतं. किती आवळायची ते कागदात लिहिलेलं होतं, पण त्या कागदावर त्याने एव्हाना पेट्रोलचा डबा ठेवला होता. त्याने रिंग आवळली, मग आणखी आवळली आणि शेवटी पान्याला लोंबकळून आवळली. गाडीचा मागचा भाग उंच झाला. मास्टर बसले तरी ती दिसायला सरळ राहिली.

“जा, एक चक्कर मारून या,” मिस्त्री म्हणाला.

गॅरेजच्या मागच्या गल्लीत एकच गतिरोधक होता. त्याच्यावर गाडीने मास्टरांना वर फेकलं, आणि मास्टर खाली येईपर्यंत गाडी पुन्हा वर यायला निघाली होती. दोघांची गाठ मध्येच पडली. कट्‌ असा आवाज आला.

मिस्त्री धावत आला. “कुठून आवाज आला? पुढच्या जोडातून?”

“नाही,” मास्टर दात आवळून म्हणाले, “माझ्यातून.”

आता खरी पंचाईत झाली. कंबर धरून घरी जायचं म्हणजे गाडी घालवायची. मास्टरांनी दोन्ही हात कंबरेपासून लांब ठेवले आणि ताठ मानेने, मोजपट्टी गिळल्यासारखे, घरी गेले. जेवणसुद्धा उभ्यानेच केलं. “दिवसभर बसूनच असतो गं,” ते म्हणाले. बाईंनी मान डोलावली, पेपर पुढे ओढले, आणि त्यांचं लाल पेन गडगडत जाऊन नेमकं मास्टरांच्या पायाशी पडलं.

“जरा द्या ना ते.”

मास्टरांनी पेनाकडे पाहिलं. पेन फार खोल गेल्यासारखं दिसत होतं. मग त्यांनी पाठ भिंतीसारखी सरळ ठेवली, फक्त गुडघे वाकवले, लिफ्टसारखे सरळ खाली गेले, पेन उचललं आणि लिफ्टसारखेच वर आले. कपाळावर घाम आला होता.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“नवीन व्यायाम आहे.”

“छान आहे की! रोज करत जा. उद्यापासून सकाळी माझ्यासमोर करा, मी मोजेन.”

बाईंनी खरंच मोजायला सुरुवात केली. मास्टर रोज सकाळी डोळ्यांत पाणी आणून “देवा, देवा” करत खाली-वर होऊ लागले, आणि बाई एकीकडे डबा भरता भरता आकडे म्हणू लागल्या.

इकडे मिस्त्रीला चैन पडेना. मास्टरांचं वजन चुकीचं असेल, ही शंका त्याच्या भल्या मनाला शिवली नाही. म्हणजे कंपनीनेच चूक केली. त्याने कंपनीला फोन लावून सुनावलं. कंपनी आदबीने म्हणाली, आमची चूक असेल तर स्प्रिंग फुकट बदलून देऊ. आधी ती रिंग सैल करून मूळच्या जागी आणा. मग गाडी सपाट जमिनीवर उभी करा, रायडर बसवून किती दबते ते मोजा आणि सगळ्याचा व्हिडिओ पाठवा. मिस्त्री आनंदला. त्याने ही बातमी सांगायला लगेच मास्टरांच्या घरी फोन केला, आणि तो बाईंनी उचलला.

मास्टर दुकानातून आले तेव्हा बाई येरझाऱ्या घालत होत्या.

“मला का नाही सांगितलंत? तुम्हाला चुकीची स्प्रिंग दिली त्या लोकांनी!”

“जाऊ दे गं. माणसं आहेत, होते चूक.”

“का जाऊ दे? किती कष्टाने वजन उतरवलंत तुम्ही! थंडीत उठून जात होतात. आणि अशा माणसाला काहीतरी भंगार गळ्यात मारतात? तुम्ही भिडस्त आहात म्हणून सगळे फायदा घेतात.” बाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. “रविवारी मी येते मैदानावर. मोजमाप मी करणार.”

आपल्या बाजूने असं भांडणारी बायको बघून मास्टरांना भरून आलं, आणि त्याच वेळी पायाखालची जमीन सरकली. खरं सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण बाईंनी तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते शब्द परत आत गेले.

रविवारी खाणीच्या मैदानावर मिस्त्रीने गाडी सपाट जागा बघून उभी केली. रिंग त्याने सैल केली होती, आणि या खेपेला कागद वाचून केली होती. मेहुणाही हजर होता. व्हिडिओ काढायला आलोय असं तो म्हणाला, पण रस्त्याच्या कडेला त्याने सांगून ठेवलेला टेम्पोही उभा होता.

“टेम्पो कशाला?” मास्टरांनी विचारलं.

“असू द्या, भाऊजी. तुमच्या कंबरेचं काही सांगता येत नाही.”

मोजायची रीत सोपी होती. गाडी मोकळी असताना सीटची मागची कड जमिनीपासून किती उंच आहे ते बघायचं, माणूस बसल्यावर किती उरते ते बघायचं, आणि दोन्हींतला फरक काढायचा. कागदात दिलेला फरक आला की स्प्रिंग त्या माणसाची. मिस्त्रीची लोखंडी टेप नेमकी गॅरेजमध्ये राहिली होती, म्हणून बाईंनी मास्टरांच्या गळ्यातली दुकानाची टेप काढून घेतली.

मास्टर सीटवर असे बसले की खाली अंडी ठेवली असावीत. पायांवर जोर दिला, हातांवर जोर दिला, आणि श्वास आत ओढून धरला. जास्त हवा भरली की माणूस हलका होतो अशी त्यांची आशा असावी.

“अहो, नीट बसा. आणि श्वास सोडा, लाल झालाय चेहरा.”

मास्टरांनी श्वास सोडला आणि गाडीने आपलं पोट खाली नेलं.

“काय हे! चांगली सव्वापट दबतेय!” बाई कडाडल्या. “काढ रे व्हिडिओ. शुद्ध फसवणूक आहे.”

“पण बाई,” मिस्त्री म्हणाला, “स्प्रिंगवर आकडा तर बाहत्तरचाच कोरलाय. इतकी दबते म्हणजे वर नव्वदच्या आसपास काहीतरी बसलेलं असणार.”

“खिसे रिकामे करा,” बाई नवऱ्याला म्हणाल्या.

मास्टरांनी मुकाट्याने खिसे रिकामे करायला घेतले. मोठी कात्री निघाली, किल्ल्यांचा जुडगा निघाला, बटणांचा डबा निघाला, मग आणखी एक कात्री निघाली. निम्मं दुकान दगडावर मांडून झालं तरी गाडी केसभरही वर आली नाही. मास्टरांना आता आणखी खिसे हवे होते.

“असं नाही चालणार,” बाई म्हणाल्या. वर्गात गणित अडलं की त्यांचा आवाज असाच शांत होई. “ज्याचं वजन पक्कं माहीत आहे असा दुसरा माणूस बसवून बघू.”

“मी आहे ना!” मेहुणा छाती काढून पुढे आला. तो जिमला जायचा, आणि मास्टर जसे दर थोड्या दिवसांनी एक किलो उतरत, तसा तो एक किलो चढत असे. “ऐंशी आहे मी. सॉलिड ऐंशी.”

तो बसला. गाडीला कुणी बसल्याचं फारसं कळलंच नाही.

बाईंनी टेप लावली, पुन्हा लावली आणि भावाकडे निरखून पाहिलं. “साठचा वाटतोयस तू मला.”

“ताई! अगं, मसल आहे हे!”

“मग मसलला वजन नसतं का?”

मास्टरांना एकदम आशेचा किरण दिसला. “पाहिलंस? मला जास्त दाखवते आणि त्याला कमी दाखवते! स्प्रिंगला काही ताळतंत्रच नाही!” गेल्या कित्येक दिवसांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“एकच स्प्रिंग एकाला जड आणि दुसऱ्याला हलकं नाही करत,” बाई म्हणाल्या. “स्प्रिंग एकच आहे, आकडे दोन आहेत. कुणाचा तरी आकडा चुकलाय.” त्यांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. मेहुणा फोनची काच पुसू लागला. मास्टर आकाशात काहीतरी शोधू लागले. “ठीक आहे. मीच बसते. मी एकसष्ट आहे. चार वर्षं झाली, काटा हललेला नाही.”

मास्टर घाईने बाई आणि सीटच्या मध्ये येऊन उभे राहिले.

कारण बाईंचे कपडे मास्टर स्वतः शिवत. या चार वर्षांत बाई कितीदा तरी एखादा कुर्ता त्यांच्यापुढे टाकून म्हणाल्या होत्या, “धुऊन आटलाय हो हा.” आणि मास्टर म्हणाले होते, “हल्ली कापडच तसलं येतं.” मग ते गुपचूप शिवण उसवून आतली माया बाहेर काढत. काही कुर्त्यांतली माया तर संपूनही गेली होती, आणि तिथे त्यांनी अशी पट्टी जोडली होती की बाईंना ती नक्षीच वाटावी. बाईंची मापं जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि त्याने ती कधी ओठांवर येऊ दिली नव्हती.

“नको गं तू बसू. धूळ आहे,” मास्टर म्हणाले.

पण बाई बसल्यासुद्धा. “आता तुम्ही मोजा,” त्यांनी टेप पुढे केली. मास्टर पाठ सरळ ठेवून खाली गेले आणि टेप लावली. फरक कागदात लिहिला होता तेवढाच आला. ना दोरा इकडे, ना दोरा तिकडे.

मास्टर खालीच बसून राहिले. खरा आकडा बोलावा तर स्प्रिंग बाहत्तरची ठरत होती आणि तिच्यावर बसलेली बाईही. शिवाय आपण किती आहोत तेही त्याच दमात बाहेर येणार होतं. पण स्वतःचं त्यांना त्या क्षणी सुचलं नाही. त्यांना फक्त वर सीटवर ताठ बसलेल्या बाई दिसत होत्या, समोर व्हिडिओ काढणारा भाऊ होता आणि शेजारी मिस्त्री.

“कमी भरतंय,” ते म्हणाले. “बरंच कमी. एकसष्टच.”

“बघू,” म्हणत मिस्त्री वाकला. “काय मास्टर! बरोब्बर तर आहे! परफेक्ट! अहो, ही तर बाईंच्याच मापाची स्प्रिंग...”

“म्हणजे ताई बाह...” मेहुणा फोनआडून म्हणाला.

“टेप खराब आहे!” मास्टर ओरडले.

सगळ्यांनी टेपकडे पाहिलं.

“जुनी आहे,” मास्टर म्हणाले. “ताणली गेलीय. गेली काही वर्षं चुकीचंच माप दाखवते.”

एखाद्या शिंप्याने स्वतःच्या टेपबद्दल असं बोलल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मिस्त्रीने सावकाश मान खाली घालून आपल्या पँटकडे पाहिलं. ती याच टेपने कापलेली होती. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर होणार आणि उद्या दुकानापुढे पँटी घेऊन रांग लागणार, हे मास्टरांना पक्कं कळत होतं. लागू दे, असं त्यांना वाटलं. बायकोची मान सगळ्यांसमोर खाली गेलेली त्यांना बघवली नसती. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं, आणि ते सांगायची दुसरी रीत त्यांना येत नव्हती.

बाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओढणी कमरेला घट्ट बांधली, मास्टरांचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि किल्ली फिरवली.

“मी जरा एक फेरी मारून बघते.”

“ताई, गिअर आहेत त्याला!” मेहुणा ओरडला.

“बाबांची मोटारसायकल चोरून कोण चालवायचं? तू मागे बसून रडायचास,” बाई म्हणाल्या, आणि गाडी सुटली.

मास्टर बघतच राहिले. ज्या खड्ड्यांनी त्यांचा मणका खिळखिळा केला होता, ते खड्डे गाडी अलगद गिळत चालली होती. चढावर चाकं जमीन सोडत आणि पलीकडे आवाज न करता टेकत. बाईंचं डोकं एका रेषेत चाललं होतं. पहिली फेरी झाली, बाई थांबल्या नाहीत. दुसरी झाली तरी थांबल्या नाहीत. मिस्त्री हळूच म्हणाला, “काम झकास झालंय हो माझं.”

शेवटी त्या आल्या. चष्म्यावर धूळ होती, केस हेल्मेटमधून बाहेर पडले होते, आणि चेहरा असा फुलला होता की मास्टरांना लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले.

“टेपला काही झालेलं नाही,” बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “टेप बरोबर आहे. स्प्रिंगही बरोबर आहे. बाहत्तरचीच आहे, आणि मला अगदी मापात बसते.”

“ताई, पण तू तर एकसष्ट...”

“गप रे, साठ.”

मेहुण्याने व्हिडिओ बंद केला.

“आणि अहो,” बाई नवऱ्याकडे वळल्या, “स्प्रिंग बरोबर असेल तर तुमचाही आकडा निघतो. दुसऱ्या फेरीत काढला मी. एक्क्याण्णव.”

मिस्त्रीने बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान डोलावली.

“कपडे धरून,” मास्टर क्षीण आवाजात म्हणाले. मग त्यांना सगळं लपवून ठेवायचा एकदम कंटाळा आला. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आपली कंबर मनसोक्त धरली. “आणि ही पण गेलीय. त्या गतिरोधकावर. माझ्या त्या व्यायामाला काही अर्थ नव्हता.”

“माहितीये. व्यायाम करताना कुणी देवाचं नाव घेत नाही.”

मास्टरांनी गाडीकडे शेवटचं बघून घेतलं. “ठरल्याप्रमाणे घेऊन जा रे,” ते मेहुण्याला म्हणाले. “बोलव टेम्पो.”

मेहुणा निघालाही होता. “कशाला टेम्पो?” बाईंनी विचारलं.

“तूच म्हणाली होतीस ना. पुन्हा कंबर धरली की गाडी विकायची.”

“तुमची कंबर दुखते म्हणून विकायची होती,” बाई म्हणाल्या. “माझी कुठे दुखतेय?”

आणि हेल्मेटची काच खाली ओढून त्या पुन्हा निघून गेल्या.

मेहुणा टेम्पोवाल्याची समजूत घालायला गेला. मास्टर मिस्त्रीच्या हत्यारांच्या पेटीवर टेकले. ऊन चांगलं होतं, कंबर दुखत होती, आणि गाडी घरातच राहिली होती. मास्टरांना आतून गार गार वाटत होतं.

“तुमच्यासाठी एक जाड स्प्रिंग मागवू का?” मिस्त्रीने विचारलं. “आलटून पालटून बसवता येईल. एक रविवार तुमचा, एक बाईंचा.”

“बघू. तिलाच विचारतो. नाही म्हणायची नाही ती.”

तेवढ्यात पलीकडच्या चढावरून बाईंनी एक हात उंच करून हलवला. मास्टरांचा चेहरा उजळला. “बघ, बोलावतेय. दमली असेल,” ते म्हणाले, आणि कंबर सावरत, शर्ट नीट करत लगबगीने मैदानाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. बाई सरळ त्यांच्याच दिशेने येत होत्या. हात अजून हलतच होता. गाडी बरीच जवळ आली, तिचा वेग कमी झाला नाही, आणि मग मास्टरांना कळलं की तो हात त्यांना बोलावत नव्हता, वाटेतून बाजूला व्हायला सांगत होता.